मावळतीकडे तोंड केलेल्या प्लेटा

जळगाव
९ जुलै १९८९

प्रमिला,

आशीर्वाद लिहिले तर तू खोडशील, म्हणून लिहीत नाही. तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांत एक कार्ड आणि त्यावर दोन ओळी. "गावात येऊन लोकांना सांग, की लस खोटी नव्हती. नोकरीचं मी बघेन." वर मायना नाही, खाली सही नाही. लहानपणी पलीकडच्या खोलीत बसलेल्या मला चिठ्ठी पाठवायचीस, तेव्हासुद्धा 'अभिमन भाऊ यास' असं लिहायचीस. असो.

तुला कामावरून कमी केल्याचा कागद माझ्या हातात आला तेव्हा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण चौकशीच्या अहवालावर माझी सही आहे म्हणून तू माझ्याशी बोलणं सोडावंस, हे मला पटत नाही. समितीने मला यंत्राबद्दल विचारलं, मी यंत्राबद्दल लिहिलं. 'फिरत्या स्टँडमध्ये कोणताही दोष आढळला नाही. हाताळणीत खंड पडला.' या वाक्यात तुझं नाव कुठे आहे ते दाखव.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो, कारण कागदावर उतरवलं की माझं मलाच नीट दिसतं. पिंपळनेरच्या वर, डोंगराला टेकलेलं तुझं गाव. वीज नाही. लसीचं फ्रिज चालवायचं तर उन्हावरच. त्यासाठी दवाखान्याच्या मागे चार सोलर प्लेटा आणि आत बॅटऱ्या. प्लेटा कशावर बसवायच्या, एवढाच प्रश्न होता. पक्कं स्टँड ठोकलं, दक्षिणेकडे तोंड करून, तर त्या सकाळी सूर्याकडे तिरक्या बघतात आणि संध्याकाळीही तिरक्याच. मी केलेलं स्टँड हाताने फिरतं. सकाळी सातला उगवतीकडे, अकराला मधोमध, अडीचला मावळतीकडे. तीन वेळा एक दांडा ओढायचा, खटका अडकवायचा. त्यात मोडण्यासारखं काही नाही. जपानी फ्रिजपेक्षा ते भरवशाचं आहे, हे तूच आईला सांगत होतीस.

तू आणि तुझी मदतनीस द्रौपदाबाई मिळून दोन वर्षं ते फिरवलंत. तुझ्या तापमानाच्या वहीत रोज दोन नोंदी आहेत. फक्त गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला आखाजीचे पाच दिवस कोरे आहेत. तू माहेरी, द्रौपदाबाई तिच्या माहेरी. समितीला ते पाच दिवस दिसले. आखाजीनंतर मे-जूनमध्ये ज्या मुलांना गोवराची लस दिली, त्यांच्यापैकी अकरा जणांना या फाल्गुनात गोवर झाला. तिघं गेली. फ्रिज तापलं, लस निकामी झाली; दुसरा निष्कर्ष कोण काढणार होतं?

राहिलं गावात येऊन सांगायचं. मी येऊन काय सांगू? लोक तुला ओळखतात. तू नर्स, तू सांग. मी जळगावला बसणारा माणूस, एका संस्थेतला इंजिनियर. लसीतलं मला काय कळतं?

आईला मी तुझी बदली झाली म्हणून सांगितलंय. तिला काही लिहू नकोस.

अभिमन


जळगाव
२१ डिसेंबर १९८९

प्रमिला,

उत्तर आलं नाही, तरी लिहितोय. निर्लज्ज आहे म्हण.

तू गाव सोडलं नाहीस हे मला साक्रीच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि तू तिथेच कुणाच्या तरी पडवीत भाड्याने राहतेस आणि निंदणीला जातेस. दहावीला तालुक्यात पहिली आलेली बाई. नवरा गेल्यावर आपल्या भागातल्या बायका केळीच्या बागेत कामाला जातात, तू हट्टाने नर्सिंगला गेलीस. आणि आता दुसऱ्यांच्या भुईमुगातलं गवत काढतेस. मला राग येतो. कुणाचा ते लिहीत नाही.

मी गच्चीवर दोन स्टँड उभी केली आहेत. एक पक्कं, एक फिरतं. दोन्हींवर एकसारखी एकेक प्लेट आणि दोन्हींना मीटर. ऑगस्टच्या वीस तारखेपासून रोज नोंद. शेजारचे कौतिकभाऊ विचारतात, "टीव्हीचा अँटेना का?" मी हो म्हणतो. वाद मिटला.

हे मी का करतोय, असं तू विचारशील. विचारणार नाहीस, पण समज विचारलंस. समितीत कुणीतरी म्हणालं होतं, की स्टँड पक्कं असतं तर हे झालंच नसतं. ते माझ्या कानातून जात नाही. मला आकड्यांनी उत्तर द्यायचं होतं. कागदावरचं गणित मला पाठ आहे: पक्कं शंभर देतं तिथे तीनदा फिरवलेलं एकशे अठरा-वीस देतं, उन्हाळ्यात थोडं जास्तच. म्हणूनच तर तुझ्या दवाखान्याला पाचऐवजी चार प्लेटा पुरतील असं मी लिहिलं होतं, आणि संस्थेच्या दिल्लीतल्या वरिष्ठांनी पाठ थोपटली होती.

आज चार महिने झाले, बेरीज केली. फिरतं पुढे आहे. किती ते सांगतो: तीन टक्के.

मी दोनदा तपासलं. चूक नाही. एकशे तेवीस दिवसांतले एकतीस दिवस मी ते फिरवायला चुकलो. कधी ऑफिसात अडकलो, कधी पाहुणे, दोनदा ताप, एकदा नुसताच कंटाळा. मी! स्वतःच्या घराच्या गच्चीवर, स्वतःच्या बुद्धीने काढलेलं यंत्र, आणि स्वतःची अब्रू त्यावर टांगलेली. आणि तुझ्या वहीत दोन वर्षांत फक्त पाच दिवस कोरे. मी माझ्यावर चौकशी बसवायला हवी.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. विसरलेलं स्टँड कधी उगवतीकडे किंवा मधोमध विसरलं जात नाही. दिवसातला शेवटचा खटका मावळतीचा. त्यामुळे माणूस गेला, की प्लेटा मावळतीकडे तोंड करून राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांच्या पाठीवर ऊन. जळगावात निदान सूर्य सहा-साडेसहापर्यंत दिसतो. तुझ्याकडे पश्चिमेला डोंगर आहे, पावणेपाचला सावली. पक्कं स्टँड कधीच पूर्ण बरोबर नसतं, पण ते कधी पूर्ण चूकही नसतं. एवढं कळायला मला गच्ची लागली.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

त्या दिवशी तुला आखाजीला न्यायला मी आलो होतो. तू येत नव्हतीस. विधवेने आखाजीला माहेरी जाऊन झोका खेळायचा का, म्हणालीस. मी म्हटलं, आई वाट बघतेय, झोका खेळू नकोस, सांजोऱ्या खा. मग तू म्हणालीस, "द्रौपदाबाईपण जातेय. प्लेटा कोण फिरवेल?" मी म्हटलं, बॅटरी पाच दिवस पुरते. पुरत होती, नवी असताना. निघताना पिशवी खाली ठेवून तू मागच्या अंगणात वळलीस आणि विचारलंस, "भाऊ, निदान मधोमध करून ठेवू का?"

आणि मी म्हटलं, "राहू दे, गाडी चुकेल."

समितीसमोर तू हे सांगितलं नाहीस. मला वाटलं, सांगशील. खुर्चीवर बसून मी वाट बघत होतो. तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. 'मी करून ठेवायला हवं होतं', इतकंच म्हणालीस. त्यावर मी सही केली.

हे मी तुला लिहून देतोय. समितीला लिहायचं की नाही, याचा विचार करतोय.

अभिमन


धुळे
४ सप्टेंबर १९९१

प्रमिला,

तुझं दुसरं कार्ड. माझ्या पत्रानंतर पावणेदोन वर्षांनी. मी जपून ठेवलंय, म्हणजे वाचता येईल अशा जागी नाही, पण जपून.

तू लिहितेस, गावात कुणीच पोराला सुई देऊ देत नाही. नवीन नर्सबाई बुधवारी बर्फाच्या पेटीत लस घेऊन येते, दोनपर्यंत लिंबाखाली बसते आणि तशीच परत जाते. लोक म्हणतात, 'सुईनी पोरे लई गयी', सुईनेच पोरं नेली. तू घरोघर सांगतेस, की सुई वाईट नव्हती, फ्रिज तापलं होतं. ते म्हणतात, ज्या बाईच्या हातून झालं ती दुसरं काय सांगणार! आणि शेवटी पुन्हा तेच: "प्लेटा बसवणारा साहेब बोलला तर ऐकतील. तू ये."

मी येणार होतो. खरंच येणार होतो. धुळ्यापर्यंत आलोय, इथून तुझ्याकडे सकाळची गाडी आहे. पण मी इथे वेगळ्याच कामासाठी आलोय आणि ते तुला सांगायची लाज वाटते. माझं स्टँड मंजूर झालं. चाळीस गावं. त्याच अहवालाच्या जोरावर, ज्यात लिहिलंय की स्टँडमध्ये दोष नाही. वर्कशॉपमध्ये एकामागून एक सांगाडे वेल्ड होताहेत आणि मी त्यांच्यावर खडूने नंबर टाकतोय.

इथला तोताराम मिस्तरी तुला आठवत असेल, तुझं स्टँड त्यानेच जोडलं होतं. तेव्हाही तो म्हणाला होता, "साहेब, पक्कंच ठोकी द्या. जे फिरस त्याले फिरावनारा लागस." मी त्याला हसलो होतो. दोन वर्षं सलग त्याच्याशी वाद घातला. माणूस सोडून गेला तर काय, हा त्याचा एकच मुद्दा. आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट नव्हती: आकडा. माणूस गेल्यावर माझं स्टँड नेमकं किती देतं, हे मोजायला कुणी माणूस जातच नव्हता. तू आणि द्रौपदाबाई, दोघी इतक्या नेमाच्या.

काल तोताराम पुन्हा म्हणाला, "चाळीस गावले चाळीस माणसे देतस का सरकार?" मी खडू ठेवून बाहेर येऊन बसलो. तिथूनच हे लिहितोय. मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं.

गाडी चुकणार नव्हती, प्रमिला. गाडीला अजून पाऊण तास होता. दांडा ओढायला अर्धं मिनिट लागतं.

मला तो आकडा हवा होता. आखाजीला दोघी एकाच वेळी पाच दिवस जाणार, असा अंदाज मला आधीच होता आणि येताना वाटेतच तो विचार सुचला. तुझ्या प्लेटांना रोजचा आकडा नोंदवणारं मीटर मी लावलेलं होतंच. मावळतीला सोडून दिलेलं स्टँड निम्म्याहून वर देतं असं दाखवता आलं, की तोतारामचं तोंड बंद आणि दिल्लीचंही. तू मधोमध करून ठेवलं असतंस तर तो प्रयोग झालाच नसता. म्हणून मी गाडीचं नाव पुढे केलं.

मी तुला आईसाठी न्यायला आलो नव्हतो असं नाही. आईसाठीच आलो होतो. पण दोन्हीसाठी आलो होतो.

हे वाचून तू काय करशील मला माहीत नाही. सकाळच्या गाडीने येण्याचं धैर्य मला नाही. आधी मी हे लेखी देतो, वरच्या लोकांना, रीतसर. कागद गेला की गावात येतो. आधी कागद, मग माणूस. तू हसशील, हे मला माहीत आहे.

अभिमन


जळगाव
१४ ऑगस्ट १९९३

प्रमिला,

कागद दिला. त्याला दोन वर्षं लागली हे लिहायला नको, तारीख दिसतेच.

मध्ये मी काय करत होतो? मसुदे. पहिला मसुदा सात पानांचा, त्यात पाच पानं सूर्याच्या कोनांवर. दुसरा चार पानांचा, त्यात बॅटरीचं वय आणि उष्णतेचा परिणाम. शेवटचा अर्ध्या पानाचा झाला तेव्हा तो खरा झाला. आणि त्यात एक ओळ अशी आली, जी तुला मी अजून लिहिलेली नाही. ऑफिसला आधी कळली आणि तुला नंतर, हेही माझ्याच रीतीला धरून.

आखाजीनंतर जूनच्या वीस तारखेला मी तुझ्या दवाखान्यात आलो होतो. तू डाळीची खिचडी केली होतीस. तू आत असताना मी मागे जाऊन मीटर वाचलं. त्या पाच दिवसांचा आकडा इतका कमी होता, की फ्रिज दुसऱ्या दिवशीच बंद पडलं असणार. बाहेर बेचाळीस डिग्री. द्रौपदाबाई तुझ्या एक दिवस आधी परतली, तिने बिचारीने सवयीने प्लेटा फिरवायला सुरुवात केली, आणि तू आलीस तेव्हा फ्रिज पुन्हा गार होतं. तुला कळायला मार्गच नव्हता. ते फक्त मीटरला माहीत होतं, आणि वीस जूनपासून मला.

त्या दिवशी जेवताना मी एक वाक्य बोललो असतो, 'त्या मुलांना पुन्हा लस दे', तर झालं असतं. जून ते फाल्गुन, आठ महिने होते. मी खिचडी चांगली झाली म्हणालो. तो आकडा माझ्या बाजूचा नव्हता, म्हणून मी तो वहीत उतरवलाच नाही.

लसीतलं मला काय कळतं, असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. लस गार ठेवावी लागते, एवढं मला कळत होतं. त्यासाठीच तर मला नेमलं होतं.

आता ऑफिसचं ऐक. अर्ध्या पानाचा कागद मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर वाचला. चहा मागवला. म्हणाले, "महाजन, हे प्रकरण तर केव्हाच बंद झालंय. आता उघडून कुणाचं भलं होणार आहे?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचं. ते म्हणाले, "म्हणजे घरगुती बाब आहे." कागद परत दिला. मी तो आवक खिडकीवर शिक्का मारून दिला. महिन्याभरात मला प्रकृतीच्या कारणाने मुक्त करण्यात आलं. माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुला कामावरून काढल्याचा हुकूम मात्र तसाच कायम आहे.

आणि चाळीस गावांचं म्हणशील तर गेल्या उन्हाळ्यात त्यातली सतरा मी स्वतः जाऊन पाहिली. अकरा ठिकाणी प्लेटा मावळतीकडे तोंड करून. एका गावात दांड्यावर मिरच्या वाळत होत्या. ऑफिसने त्या सगळ्या फ्रिजांवर 'नादुरुस्त' लिहिलंय. पक्की स्टँड ठोका असं मी सांगितलं, तर म्हणाले, आता योजना संपली. पाचवी प्लेट लावून सगळं पक्कं ठोकलं असतं तर आज ती चाळीस फ्रिजं चालली असती. मिस्तरीला जे पहिल्या दिवशी कळलं होतं, ते मला सात वर्षांनी कळलं. मी इंजिनियर आहे ना!

तुझं तिसरं कार्ड समोर आहे. "भिकुबाईला मुलगी झाली. जानेवारीत नऊ महिन्यांची, सुईच्या वयाची होईल. तेव्हा तरी ये." भिकुबाई म्हणजे जिचा मुलगा त्या तिघांमधला पहिला, हे तू लिहिलं नाहीस. मला आठवतं. अहवालात त्याचं वय होतं, एकोणीस महिने.

यंदा साक्री भागात गोवर आहे, हे पेपरात आलंय. मी येतो. या वेळी मसुदा करणार नाही.

आई आता फारशी उठत नाही. विचारते, "माही पोर कवा येईन रे?" मी म्हणतो, येईल. तिला सांगायचं धाडस झालं नाही. ते तेवढं बाकी आहे.

अभिमन


पिंपळनेर, एस.टी. स्टँड
१९ जानेवारी १९९४

प्रमिला,

आज दुपारी तू माझ्यापासून दहा पावलांवर उभी होतीस, आणि मी तुला पत्र लिहितोय. तिथे बोलता आलं नाही. तू फार बारीक झाली आहेस. हात बाईचे राहिले नाहीत. मला वाटलं होतं, तू रागावलेली असशील, आणि त्याची मी तयारी करून आलो होतो. तू नुसती थकलेली होतीस.

जे झालं ते तू पाहिलंस, पण मला ते माझ्या बाजूने लिहायचं आहे.

तू सगळ्यांना बोलावलं होतंस. लिंबाखाली बाया बसल्या होत्या, कडेला पोरं घेऊन. नवीन नर्सबाई पेटीवर हात ठेवून बसली होती, बर्फ दोनपर्यंतच टिकेल म्हणाली. गावातले म्हातारे चिंधा आबा बाजेवर. भिकुबाई अगदी पुढे, मांडीवर ती मुलगी. गोरी, गुबगुबीत, तोंडात मूठ. मी तिच्याकडे न बघता बोलणार होतो, पण ती माझ्याकडेच बघत होती.

मी सगळं सांगितलं. फ्रिज तापलं ते माझ्यामुळे. तुमच्या या जुन्या बाईंनी विचारलं होतं, मी नको म्हटलं. गाडीचं खोटं कारण सांगितलं. जूनमध्ये मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. सुई चांगली होती, औषध चांगलं होतं, ते मी खराब केलं. आज पेटीत आहे ते बर्फात आहे, ते द्या. याहून सोप्या भाषेत मला सांगता येत नाही. माझा आवाज कापत होता, आणि मला वाटलं, बरंच आहे, म्हणजे खरं वाटेल.

मला शिव्या हव्या होत्या. कुणी दगड उचलला असता तरी मी उभा राहिलो असतो.

मग चिंधा आबांनी विचारलं, "तू आते साहेब शेस का?"

मी म्हटलं, नाही आबा, नोकरी गेली.

"मंग आते कोन शेस?"

उत्तर भिकुबाईनेच दिलं. "बाईना भाऊ शे तो, आबा." आणि मग माझ्याकडे वळून, इतक्या मऊ आवाजात, की मी तिच्या शिव्या मागत होतो याची मला लाज वाटली: "भाऊ, बाईनी आमले तव्हाच सांगं व्हतं, चूक मनी शे. घरघर जाईसन सांगं. तुनं नाव तिनी काढं नही. पाच वरीस व्हयनात. आते तू ईसन सांगस, चूक तुनी शे."

मी म्हटलं, तेच खरं आहे. तिने तुझ्याकडे पाहिलं. "बाई, हाऊ खरं सांगस का?"

तू म्हणालीस, "खरं शे." तू इतकी वर्षं तिथे राहिलीस, की तुझी बोलीही त्यांची झाली आहे, हे मला त्याच क्षणी दिसलं. आणि मला वाटलं, झालं. आता ऐकतील.

भिकुबाई हसली, प्रमिला. तू मान खाली घातली होतीस, तुला दिसलं नसेल. बहिणीला वाचवायला मी चूक अंगावर घेतोय असं धरून, मला समजावल्यासारखी हसली. "बहीण भाऊले खोटं कसं पाडी? आनि भाऊ बहीणले वाचाडाले नही येवाव तं कोन ई? तू चांगला भाऊ शेस. मना भाऊ व्हता तं तोबी असाच उना असता." मुलीच्या तोंडातली मूठ काढून तिने पदराने पुसली. "पन पोर मी सुईले नही देसू."

एकेक करून सगळ्या उठल्या. चौदा पोरं होती, मी मोजली होती. एकही राहिलं नाही. दोन वाजता नर्सबाईने पेटीचं झाकण लावलं. तू खुरपं उचललंस आणि शेताकडे गेलीस. मी तुला हाक मारली नाही. मारून काय म्हणणार होतो?

पाच वर्षांपूर्वी तू कार्ड टाकलंस, तेव्हा मी साहेब होतो. मी तेव्हा येऊन हेच म्हटलं असतं, तर त्यांनी मला मारलं असतं आणि पोरांना सुई दिली असती. खरं बोलायला मी इतका वेळ लावला, की ते बोलणारा माणूसच उरला नाही. आता मी नुसता तुझा भाऊ आहे, आणि भावाच्या शब्दावर कुणी पोर देत नाही. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मी निघालो तर भिकुबाई वाटेत आडवी आली. म्हणाली, "आसा कसा जास? तिना भाऊ आमना गावमाईन उपाशी जावाले नको. जेवीसन जा." मी नको म्हणत होतो. तिने ऐकलं नाही. घरात नेऊन पाट दिला, हातावर पाणी घातलं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार. ती मुलगी माझ्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. भिकुबाई समोर बसून पुन्हा पुन्हा वाढत होती.

मी जेवलो, प्रमिला. दोन भाकरी खाल्ल्या.

अभिमन